वादळाआधीचे दोन दिवस घरासाठी

महोदय,

चक्रीवादळाचा इशारा आला की ठाणे आणि नवी मुंबईतील नागरिकांना झाडाखाली थांबू नका, खाडीकिनारी जाऊ नका, गरज नसताना बाहेर पडू नका अशा सूचना दिल्या जातात. त्या योग्यच आहेत. मात्र घरातील चीजवस्तू आणि कागदपत्रे कशी जपावीत, हे त्यांत एखाद्या ओळीत उरकलेले असते. वास्तविक तळमजल्यावरचे किंवा बैठ्या चाळीतले कुटुंब घर सोडून सुरक्षित जागी जायला तयार होत नाही, ते बहुतेकदा सामानात जीव अडकलेला असतो म्हणून. सामानाची सोय आधी लागली, तर माणसे वेळेवर बाहेर पडतील.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले आणि १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गुजरातकडे गेले. वादळ थेट आपल्यावर आले नाही तरी वारा आणि पाऊस आपल्या घरात शिरतो, हे तेव्हा आपण पाहिले. बेलापूर, वाशी, नेरूळचा बराचसा भाग खाडीत भराव घालून उभा राहिला आहे. पावसाचे पाणी धारण तलावांत साठवायचे आणि ओहोटीला खाडीत सोडायचे, अशी तिथली व्यवस्था आहे. वादळाने समुद्राची पातळी चढलेली असताना भरतीही असेल, तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते रस्त्यावरून तळमजल्यात येऊ शकते.

हवामान खात्याचा ‘सायक्लोन अलर्ट’ हा इशारा किनाऱ्यावरील हवामान बिघडण्याच्या किमान ४८ तास आधी दिला जातो. हा वेळ पुरेसा आहे, पण तो टीव्हीसमोर बसून वादळाचा मार्ग पाहण्यात जातो. कपाटाचा खालचा खण आणि दिवाणाचा कप्पा सर्वांत आधी रिकामा करावा, कारण पाणी प्रथम तिथेच पोहोचते आणि आपल्याकडे खरेदीखत, सोसायटीचे भागपत्र, गुणपत्रिका, जातीचे दाखले नेमके तिथेच ठेवलेले असतात. ही कागदपत्रे व जुने फोटो चेनच्या दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, एकीत दुसरी घालून, माळ्यावर नव्हे तर सोबत न्यायच्या बॅगेत ठेवावीत. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे प्लग काढून ती विटांवर किंवा चौरंगावर चढवावीत. पाणी शिरण्याची शक्यता असेल तर घर सोडताना मुख्य स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा.

वरच्या मजल्यावरच्यांनीही निर्धास्त राहू नये. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती धूळ आणि रंगाने बुजलेली असली, की वाऱ्याने ढकललेले पाणी पट्टीत साचून आत गादीवर उतरते. खराट्याच्या काडीने ती मोकळी करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ग्रिलमधल्या कुंड्या मात्र आत घ्यायलाच हव्यात. त्या खाली पडल्या तर प्रश्न आपल्या सामानाचा नसून दुसऱ्याच्या जिवाचा असतो.

प्रत्येक खोलीचे, उपकरणांचे आणि बिलांचे फोटो काढून ते नातेवाइकांना पाठवून ठेवावेत. नंतर पंचनाम्याच्या वेळी किंवा विम्याच्या दाव्यात तोच आधार होतो. ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यात वादळ व पूर यांमुळे होणारे नुकसान येते. भाडेकरूंनाही केवळ सामानाचा विमा घेता येतो, याची फारशी कोणाला माहिती नसते. अर्थात हे काम पावसाळ्याच्या आधीच उरकायला हवे.

माझा सर्वाधिक आग्रह गृहनिर्माण सोसायट्यांकडे आहे. इशारा मिळताच तळमजल्यावरील कुटुंबांचे सामान सोसायटीच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात किंवा रिकाम्या सदनिकेत ठेवता येईल, असा ठराव आताच करावा. जिन्यात आणि मोकळ्या मार्गिकेत काहीही ठेवू नये, कारण तीच बाहेर पडायची वाट असते. वृद्ध आणि एकट्या राहणाऱ्यांच्या घरी कोणी जायचे, हेही त्याच बैठकीत नावानिशी ठरावे. दोन्ही महापालिकांनी आपल्या सूचनापत्रकात घरातील सामानासाठी स्वतंत्र भाग द्यावा आणि इशारा जारी होईल त्या दिवशी आपल्या दैनिकाने तो पहिल्या पानावर छापावा, ही विनंती.

— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई