ब्राँझ सांगून पितळेचे सीकॉक (बोटीच्या तळाचे नळ) विकलेत, त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर,

विषय: तुमच्या साइटवरून घेतलेले ‘मरीन ग्रेड ब्राँझ’ सीकॉक वर्षभरात आतून ठिसूळ झाले, पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

चॅटवर लिहून झालं, फोन करून झाले, प्रत्येक वेळी नवीन तिकीट नंबर मिळतो आणि गोष्ट परत पहिल्यापासून सांगायला लागते, म्हणून आता सगळं एकदाच लिहून पाठवतोय. ऑर्डरचं बिल, फोटो, लॅबचा रिपोर्ट सोबत जोडलाय.

आमची बत्तीस फुटी फायबरची शिडाची बोट आहे, जुनी आहे, दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत आम्ही नवराबायको तिच्यावरच असतो, मुंबई ते कोची आणि परत. अशा बोटीवर दुरुस्ती ही रोजचीच, आज पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, उद्या शिडाची शिवण, परवा टॉयलेटचा व्हॉल्व, त्याची तक्रार नाही, ते आम्ही हौसेने करतो. पण सीकॉक ही गोष्ट त्यातली नाही. वॉरंटी नाकारणारं तुमचं उत्तर वाचून शंका येते की लिहिणाऱ्याने सीकॉक कधी बघितलेला नाही, तर सांगतो, बोटीच्या तळाला पाण्याच्या पातळीखाली मुद्दाम पाडलेलं भोक असतं आणि त्यावर बसवलेला हा नळ असतो. तो तुटला की मध्ये काही उरत नाही, समुद्र सरळ आत.

आमचा तुटला विजयदुर्गला. वाघोटणच्या खाडीत नांगर टाकून होतो, इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी घेणारा पाऊण इंची सीकॉक, त्याच्या होजची क्लिप गंजली होती म्हणून बदलत होतो, स्क्रू थोडा आवळला आणि होज लावतो ती शेपटी आट्यांपासून तुटून हातात आली. नळ बंद करायला हँडल फिरवलं तर आतला स्टेम पिळवटून तुटला, हँडलही हातात. पाणी कारंज्यासारखं उडत होतं. प्रत्येक सीकॉकच्या शेजारी लाकडी बूच दोरीने बांधून ठेवायची आमची पद्धत आहे, बायकोने ते ठोकून बसवलं म्हणून निभावलं. अर्धा मीटर खोलीवर पाऊण इंची भोकातून मिनिटाला साधारण तीस लिटर पाणी येतं. टॉयलेटच्या लाइनवर तुमचाच दीड इंची बसवलाय, तो गेला असता तर मिनिटाला सव्वाशे लिटर, एवढ्या पाण्याला आमचा बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) पुरला नसता, आणि आम्ही त्या वेळी गावात बाजाराला गेलो असतो तर परत येऊन पाण्यावर फक्त मास्ट, म्हणजे शिडाची डोलकाठी दिसली असती.

इंजिन बंद म्हणजे पुढचा सगळा प्रवास शिडावर, दुपारचा वायव्येचा वारा धरत गोव्यापर्यंत आलो, मांडवीच्या तोंडाशी वारा पडला तेव्हा एका ट्रॉलरवाल्याने ओढून आत आणलं. त्याने पैसे घेतले नाहीत, डिझेलचेसुद्धा नाहीत, हे मुद्दाम लिहितोय.

यार्डात बोट वर काढली, दोन्ही सीकॉक उतरवले, हॅकसॉने उभे कापले आणि पितळ उघडं पडलं. बाहेरून पिवळं, आत जिथे पाणी लागतं तिथे गुलाबी आणि बिस्किटासारखं ठिसूळ. हे का होतं ते तुमच्या खरेदी विभागाला माहीत असायलाच पाहिजे, साध्या पितळेत चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं, खारं पाणी ते जस्त हळूहळू ओढून घेतं आणि मागे नुसतं सच्छिद्र तांबं उरतं, आकार तसाच दिसतो पण दम नसतो. माझ्या मावसभावाची कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, त्याच्याकडून स्पेक्ट्रो टेस्ट, म्हणजे धातूत काय किती आहे त्याची तपासणी करून घेतली. तांबं ५८ टक्के, जस्त ३९, शिसं २ च्या वर, कथील जवळजवळ नाही. तो हसायलाच लागला, म्हणाला हा तर घरातल्या प्लंबिंगचा माल. सीकॉकला चालणाऱ्या गनमेटलमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या ब्राँझमध्ये, तांबं ८५ आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ च्या आसपास. तुमच्या साइटवर ब्राँझ, बिलावर ब्राँझ, किंमतही ब्राँझची.

आता तुमचं उत्तर. ‘खाऱ्या पाण्याच्या संपर्कामुळे झालेली झीज वॉरंटीमध्ये समाविष्ट नाही.’ अहो, मरीन ग्रेड म्हणून विकलेला सीकॉक खाऱ्या पाण्यात नाही बसवायचा तर काय आंघोळीच्या बादलीला बसवायचा? हे वाक्य कोणी लिहिलं आणि कोणी पास केलं याची मला खरंच उत्सुकता आहे.

फोनवर दुसरं कारण मिळालं, की बोटीत करंट लीक असणार, त्या विजेने धातू खाल्ला. नाही. याच बोटीवर किचनच्या सिंकला मूळ बिल्डरने लावलेला ब्राँझचा सीकॉक अजून आहे, १९८० च्या दशकातला, त्याच पाण्यात, तुमच्या सीकॉकपासून हातभर अंतरावर. वरून हिरवा झालाय पण हातोडीने वाजवला की खणखणीत वाजतो, नखाएवढं खरवडलं तर आत सोनेरी. तुमचा वाजवला तर बद्द आवाज. लीक असतं तर ते काय फक्त तुमच्याच मालाला शोधत गेलं?

मला पाहिजे ते सांगतो. दोन्ही सीकॉकचे पूर्ण पैसे, यार्डात बोट वर काढायचा आणि परत उतरवायचा खर्च, आणि टेस्टची फी, बिलं जोडलीत. बदली माल नको, तुमच्याकडचा तर नकोच, गनमेटलचे मी दुसरीकडून मागवलेत, नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात जायची आहे. आणि पैशांपेक्षा महत्त्वाचं, साइटवर तो माल आजही ब्राँझ म्हणूनच दिसतोय, काल रात्री बघितला, तो आधी काढा, आणि ज्यांनी ज्यांनी तो घेतला त्या सगळ्यांना कळवा, ऑर्डरची यादी तुमच्याकडे आहेच. कोणीतरी आत्ता या क्षणी त्या नळाच्या भरवशावर बोटीत झोपलेला असेल.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यावं लागतं. ते झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक आयोगाकडे जाणार, कापलेले दोन्ही सीकॉक जपून ठेवलेत. उत्तर ईमेलवरच द्या, फोन नको, कस्टमर केअरची ती मुलगी बिचारी प्रत्येक वेळी सॉरी म्हणते आणि तिच्या हातात काही नसतं.

आपला ग्राहक
(नाव आणि नंबर बिलावर आहे)