सुभेदार मामा, "नाही होणार" म्हणून सांगितल्याबद्दल थँक्यू

मामा, नमस्कार ओ.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे गं पोरी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, ओळखणारे ओळखतील.

आमच्या खानापूर तालुक्यात पोरगं जरा मोठं झालं की पहाटे रस्त्यावर पळायला लागतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून, प्रत्येक गल्लीत कोणतरी फौजी, मग भरती डोक्यात नाही शिरणार तर काय. माझा भाऊ पण त्यातलाच, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारायचा, बीमवर १० पुल-अप काढायचा, सीईई म्हणजे भरतीची लेखी परीक्षा पण पास झाला. फक्त लहानपणापासून दमा, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, पावसाळाभर भिंती ओल्या आणि याच्या खिशात पंप.

पण कुणी नाही म्हणेना ओ. एक ट्रेनिंग देणारा म्हणाला मेडिकलच्या आधी दोन पफ मारून जा, छाती क्लिअर ऐकू येते. दुसऱ्या एकाने तर पप्पांना सांगितलं की वेव्हर, म्हणजे मेडिकलच्या नियमातून सूट, काढून देतो, वरपर्यंत ओळख आहे, आणि पप्पा उसाच्या बिलाचे पैसे काढायला निघालेच होते. भावाने पण अमेरिकेतले व्हिडिओ बघून तोच शब्द धरलेला.

तेव्हा आईने तुम्हाला फोन लावला, आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होता म्हणून. तुम्ही आलात, चहा पण न घेता आधी त्याची फाइल मागितली आणि स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून या म्हणालात, लहानपणीची घरघर वेगळी आणि अजून असलेला दमा वेगळा. केली. पफच्या आधी फुंकलेलं आणि नंतरचं, आकड्यांत चांगलाच फरक, म्हणजे दमाच.

मग जे सांगितलंत ते मला अजून पाठ आहे. अमेरिकेत १३व्या वाढदिवसानंतर दमा असला तर तिकडे पण अपात्रच, पण वेव्हर मागता येतो, आणि तो भरती करणारा देत नाही, त्या दलाचे मेडिकलवाले कागद बघून ठरवतात. आपल्याकडे जवान भरतीत दम्याला तसली वाट नाही. रॅलीत अनफिट केलं तर मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यू होतो, पण तो आधीच्या डॉक्टरचं बरोबर होतं का ते बघायला, आजार माफ करायला नाही. कानात मळ, हायड्रोसील (अंडकोषात पाणी) असलं काही असेल तर उपचार करून परत दाखवता येतं. आणि लपवून गेला तर? आर्मी ॲक्टचं कलम ४४, भरतीच्या वेळी खोटं उत्तर, ५ वर्षांपर्यंत कैद. पप्पा एकदम गप्प झाले.

आईने विचारलंच, मग तुम्हाला शुगर असताना कसं ठेवलं? तर म्हणे सर्व्हिसमध्ये असताना आजार झाला की लो मेडिकल कॅटेगरी करून हलकं काम देतात, आत घेतानाचा नियम वेगळा. मला हे आजही पटत नाही, क्लार्कला दमा असला तर काय बिघडतं? त्यावर तुम्ही म्हणालात, युनिट उंचीवर गेलं की क्लार्क पण जातो, आणि तिथे रात्री धाप लागली की त्याला खाली आणायला बाकीची पोरं जीव धोक्यात घालतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण राग आहेच.

तुमच्यामुळे पैसे वाचले हे तर झालंच. पण मी थँक्यू म्हणतेय ते यासाठी की तुम्ही त्याच्या तोंडावर, त्याच्या डोळ्यात बघून सांगितलंत, आणि सांगून उठून गेला नाहीत. तो रडला तेव्हा पण बसून राहिलात. बाकीचे सगळे "होईल की" म्हणून सुटले.

आता तो आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय. एमईएस म्हणजे मिलिटरीच्या बांधकाम-देखभाल खात्यातल्या सिव्हिलियन जागांचं तुम्ही सांगितलेलं, जाहिरात आली की बघणार आहे, त्याचं मेडिकल वेगळं असतं म्हणालात म्हणून. पंप रेग्युलर घेतो, हे आईचं श्रेय.

तुमच्याशी तो अजून नीट बोलत नाही, माहिताय मला. मनाला लावून घेऊ नका. हे आभार माझे आणि आई-पप्पांचे, त्याचे त्याला जमतील तेव्हा तो देईल.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची