हिरवं पान, पण लोह किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माशीच्या अळ्यांच्या विष्ठेचं खत घातलं की पालकातलं लोह दुप्पट होतं, असं सांगत गेल्या महिन्यात एक विक्रेता आमच्या शेडवर आला. पिशवीवर माशीचं चित्र. मला हसू आलं, कारण त्याच्या पायाखाली तेच पसरलं होतं, फक्त रेशीम अळीचं.

आमची एक एकर तुती आहे. अळी पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत गेली की दिवसरात्र पाला खाते आणि रॅकवर विष्ठेचा थर चढतो. मोहरीहून मोठे, काळपट हिरवे दाणे. डोळ्याजवळ धरले तर सहा कंगोरे दिसतात. बॅच निघाली की बरेच जण हे बांधावर फेकतात. मी एकदा ताजंच मेथीच्या वाफ्यात पसरलं आणि अर्धा वाफा जळून गेला. अळ्यांच्या बेडवर चुना, ब्लीचिंग मारलेलं असतं हे डोक्यातच आलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "शेण तरी ताजं घालतेस का?"

आता शेण आणि तुतीच्या काड्यांचे तुकडे मिसळून तीन-साडेतीन महिने खड्ड्यात कुजवते. (न कुजवता तुतीला तर मुळीच घालू नये, ग्रासरी नि मस्कार्डिन हे अळ्यांचे रोग परत शेडमध्ये येतात.)

आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या वर. मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. पालकाची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दरवर्षी हिराकस (फेरस सल्फेट) फवारायचे. या खतावर दोन हंगाम फवारावं लागलं नाही. पण पान हिरवं झालं म्हणजे खाणारीच्या अंगात लोह गेलं, हे मी जुडी विकताना कुठल्या तोंडाने सांगू? पालकातलं लोह तसंही अंगी कमीच लागतं. वर लिंबू पिळा, एवढं सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. असल्या विषयात पिशवीवरच्या छपाईवर विसंबायचं का?

मातीतलं लोह मोजून मिळतं. भाजीचं विचारलं तर एका प्रयोगशाळेत उत्तर आलं, "भाजी आम्ही घेत नाही." कृषी विद्यापीठाने किंवा कृषी विज्ञान केंद्राने एक वाफा शेणखताचा, एक या खताचा, अशी पालकाची पानं तपासून आकडे छापावेत. वाफे मी देते. खड्डा भरलेला आहे, दिवाळीनंतर उघडेन.

– एक रेशीम उत्पादक, जि. जालना