पाहुण्यांची अर्धीच ओळख

महोदय,

२०२५च्या प्रजासत्ताक दिनी इंडोनेशियाचे अध्यक्ष प्रबोवो सुबियांतो प्रमुख पाहुणे होते. कर्तव्यपथावर चाललेल्या त्यांच्या सैनिकी पथकाचे आपल्याकडे कौतुक झाले. पाहुण्यांच्या स्वतःच्या लष्करी कारकिर्दीकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

हुकूमशहा सुहार्तो यांचे जावई, ‘कोपासुस’ या विशेष दलाचे प्रमुख, ही त्यांची जुनी ओळख. १९९८ मध्ये सासऱ्यांची सत्ता गेली आणि त्याच वर्षी लोकशाहीवादी कार्यकर्त्यांच्या अपहरणप्रकरणी या लेफ्टनंट जनरलना लष्कराने घरी पाठवले. त्यांच्यावर खटला काही चालला नाही. १३ कार्यकर्ते आजही बेपत्ता आहेत. २००७ पासून दर गुरुवारी पीडितांचे नातेवाईक काळ्या छत्र्या घेऊन जकार्तात अध्यक्षीय प्रासादासमोर उभे राहतात.

गंमत अशी की, निवडणुकीत ज्यांनी प्रबोवोंना दोनदा हरवले, त्या तत्कालीन अध्यक्ष जोको विदोदो यांनीच २०१९ मध्ये त्यांना संरक्षणमंत्री केले आणि २०२४ मध्ये मानद चार तारे, म्हणजे पूर्ण जनरलचा हुद्दाही बहाल केला. त्याच वर्षी प्रचारात हे जनरल नाचरे, गोंडस आजोबा झाले नि निवडून आले!

इंडोनेशियाशी मैत्री हवीच, व्यापारही वाढावा. पण पाहुण्यांची पुरती ओळख करून द्यायला वृत्तपत्रांना कसली अडचण होती?

– एक वाचक, पुणे