यादी पूर्ण करा, मग या

आदरणीय मॅडम,

पत्रात तुमचं नाव घालत नाही. घातलं असतं तर दुसऱ्याच मिनिटाला फोन आला असता, "बार कौन्सिलचा नियम 36 वाचलात का?" वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यायची नाही, हे तुम्ही इतक्यांदा ऐकवलंय की सोसायटीच्या गेटवर तुमच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा आमचा ठराव जागीच बारगळला. तेव्हा हे बिननावाचं पत्र. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

फोर्टातलं ऑफिस तुम्ही मार्चअखेर बंद केलंत हे तुमच्या क्लार्ककडून कळलं. लोखंडी जाळीची ती लिफ्ट आता तुमच्याशिवाय बंद पडत असेल. मी दोनदा अडकलोय तिच्यात, एकदा बाराशे पानांच्या चार सेटांसकट.

आम्ही सहा जण पहिल्यांदा आलो ते 2016 च्या दिवाळीच्या तोंडावर. बदलापूरच्या पुढे एक प्रकल्प, दोन विंग, 148 फ्लॅट. रजिस्टर्ड करारात ताबा डिसेंबर 2014 चा लिहिलेला आणि साइटवर पाचव्या मजल्याच्या स्लॅबवर गवत उगवलेलं. मी भांडुपला भाड्याने राहत होतो. एकीकडे घरभाडं, दुसरीकडे बँकेचा हप्ता. सगळ्यांचीच तऱ्हा तशी. आम्हाला वाटलं होतं, मोठ्या वकीलबाई आहेत, बिल्डरला दणदणीत नोटीस पाठवतील. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलंत, "एकूण फ्लॅट किती विकले गेलेत?"

मी म्हणालो, आमच्या ग्रुपवर 46 जण आहेत.

"ग्रुपचं नाही विचारलं. विकले किती?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. "यादी पूर्ण करा, मग या," म्हणालात. चहा मात्र पाजलात. खाली उतरल्यावर आमच्यातला एक जण जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यादीचं महत्त्व का, ते तुम्ही दुसऱ्या भेटीत सांगितलंत. त्याच महिन्यात, 7 ऑक्टोबर 2016 ला, राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने अंबरीश कुमार शुक्ला यांच्या प्रकरणात निकाल दिला होता. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 12(1)(सी) खाली तक्रार करायची तर ती समान हित असलेल्या सगळ्या ग्राहकांच्या वतीने करायची, आपल्या ओळखीच्या चाळीसपन्नास जणांपुरती नाही. आणि दाव्याची किंमत सगळ्यांची मिळून धरायची. एकेकट्याने गेलो असतो तर 28 लाखांच्या फ्लॅटसाठी राज्य आयोग. सगळे मिळून गेलो तर रक्कम एक कोटीच्या किती तरी पुढे, म्हणजे थेट दिल्ली. मी अकाउंट्सचा माणूस, मला बेरजेचा भाग लगेच पटला. "समान हित" पटायला वेळ लागला.

तेव्हा तुम्ही तुमच्या जुन्या धंद्यातलं उदाहरण दिलंत. आर्टिकलशिप करून सॉलिसिटरची परीक्षा दिलीत आणि पुढची वीसेक वर्षं कंपन्यांचीच कामं केलीत, विलीनीकरणं, डिबेंचरं, हायकोर्टातल्या कंपनी पिटिशनी. दोन कंपन्या एक व्हायच्या तर भागधारकांची, धनकोंची वर्गवार सभा घ्यावी लागते आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमतीने तीन चतुर्थांशांची संमती लागते. मग वर्ग म्हणजे कोण? 1892 चा एक इंग्लिश निवाडा आहे म्हणालात. ज्यांचे हक्क इतके वेगळे नाहीत की एकत्र बसून विचारच करता येऊ नये, ते एका वर्गाचे. मोठमोठ्या कंपन्यांसाठी जे वाक्य तुम्ही आयुष्यभर वापरलंत, तेच आम्हा हप्तेवाल्यांना लावून दाखवलंत. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण नुसते फसलेले लोक नाही, आपणही कायद्यात बसणारं काहीतरी आहोत.

मग यादीमागे लागलो. दुय्यम निबंधक कार्यालयात सर्च घ्यायचा, इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचे सरकारी उतारे, काढायचे, प्रत्येकाचं नाव, पत्ता, करार क्रमांक एक्सेलमध्ये भरायचा. शनिवारी अर्धा दिवस मी आणि बी विंगमधल्या एक ताई, त्या पोस्टात होत्या, त्यांना वाईट अक्षर वाचता येतं. तीन महिने गेले. विकलेले फ्लॅट निघाले 131. म्हणजे 85 जणांना ग्रुपचा पत्ताच नव्हता.

त्यातले एक आजोबा मंडणगड तालुक्यातले. फोन लागेना, पाठवलेलं पत्र परत आलं. मी तुम्हाला म्हटलं, सही तर लागत नाही ना कायद्याने, मग नाव टाकून मोकळे होऊ. तुम्ही म्हणालात, "सही लागत नाही. पण आपल्या नावाने कोण भांडतंय हे त्या माणसाला कळायला नको?" गेलो. एसटीतून निवृत्त ड्रायव्हर. ग्रॅच्युइटी आणि फंड, सगळं त्या फ्लॅटमध्ये घातलेलं, मुंबईतल्या मुलासाठी. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून करार काढला. शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर त्याला घातलेलं, वर लेबल, लेबलवर फ्लॅट नंबर. नोंदणीची पावती टाचणीने पहिल्या पानाला लावलेली, टाचणीचा गंज कागदावर उतरलेला. मला विचारलं, "सातवा मजला झाला का हो?"

पाचव्यावर थांबलंय, हे मी कसं सांगितलं ते आता आठवत नाही. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाऊन निघालो, एवढं आठवतं.

यादी घेऊन आलो तर तुम्ही ती कापायला बसलात! दोन गुंतवणूकदारांच्या नावावर मिळून नऊ फ्लॅट होते. व्यापारी हेतूने घेणारा ग्राहक ठरत नाही, म्हणून ते बाहेर. त्यातला एक जण आमच्या मीटिंगांचा हॉल स्वतःच्या पैशाने बुक करायचा, तरी बाहेर. उरले 122. मग तुम्ही नवा रकाना काढायला लावलात, "काय हवंय? ताबा की पैसे परत?" चौदा जणांना पैसे हवे होते. मागणी एक नाही तर वर्गही एक नाही. त्यांना वेगळं जायला सांगितलंत. 2017 च्या मे महिन्यात महारेरा, म्हणजे बिल्डरांवरचं नियामक प्राधिकरण, सुरू झाल्यावर ते पैसे परत मागायला रेरा कायद्याच्या कलम 18 खाली गेले. राहिलो 108.

आता एक सांगायला हरकत नाही. त्या चौदांतल्या काहींच्या हातात आमच्याआधी ऑर्डर पडली, तेव्हा ग्रुपवर तुमच्याबद्दल बरंच वाईटसाईट लिहिलं गेलं. मीही एक अंगठा दाबला होता. तुम्ही पहिल्या भेटीत "अडीच वर्षं धरा" म्हणाला होतात आणि सहा होत आली होती. अंदाज चुकला, हे तुम्ही आम्हा सगळ्यांना ईमेलवर लिहून कळवलंत, कारणांसकट, कोर्टाला दोष न देता. वकिलाने पक्षकाराला लेखी "माझं चुकलं" म्हटलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. तो मेल मी छापून फाइलला लावलाय.

फीची गोष्ट तर आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. हॉलवाल्या गुंतवणूकदाराने सुरुवातीलाच तुम्हाला ऑफर दिली होती, मॅडम, आत्ता काही नको, वसूल होईल त्यातले दहा टक्के तुमचे. अमेरिकेत असंच चालतं म्हणाला. ते खरंही आहे, तिथे सामूहिक दाव्यांचे वकील बऱ्याचदा निकालातल्या वाट्यावरच काम करतात. तुम्ही म्हणालात, "इथे निकालावर फी ठरवली तर माझी सनद धोक्यात येईल. आणि मला वाटा मिळणार असेल तर तडजोड कधी करायची हे तुमच्यासाठी ठरवीन की माझ्यासाठी?" मग फ्लॅटमागे पंधरा हजार, तीन हप्त्यांत, आणि खर्चाची पावती न्‌ पावती. हिशेब माझ्याकडे होता. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचं बिल पाहून मलाच घाम फुटला होता. आयोगाची परवानगी मिळाल्यावर ती नोटीस द्यावीच लागते, वर्गातल्या ज्याला कुणाला यायचं असेल त्याला कळावं म्हणून. बिल पाहून तुम्ही म्हणालात, "यादी चांगली आहे, पण कायदा यादीवर विश्वास ठेवत नाही."

कंपन्यांची कामं सोडून तुम्ही आमच्यासारख्यांच्या वाटेला का गेलात, असं मी एकदा राजधानी एक्सप्रेसमध्ये विचारलं होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं सांगितलंत. 7 जानेवारी 2009. अध्यक्षांनी खोट्या हिशेबांची कबुली देणारं पत्र बाहेर काढलं आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशांहून जास्त कोसळला. तुम्ही त्या वेळी कुठल्याशा बोर्डरूममध्ये दुसऱ्याच कंपनीचा मसुदा वाचत होतात. पुढे अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी तिथे सामूहिक दावा लावला आणि कंपनीने 12.5 कोटी डॉलर मोजून तो मिटवला. इथल्या भागधारकांना तशी वाटच नव्हती. कंपनी तीच, खोटा ताळेबंद तोच, आणि भरपाई कुणाला मिळणार हे शेअर कुठल्या बाजारात घेतला त्यावर. 2013 च्या कंपनी कायद्यात भागधारकांना सामूहिक दाव्याची वाट देणारं कलम 245 आलं, ते लागू व्हायला 1 जून 2016 उजाडलं. "कलम आलं, पण शंभर माणसं कोण गोळा करणार?" असं म्हणून तुम्ही डबा उघडलात. थालीपीठ होतं. पुढे तो विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

आणि 2022 चा तो दिवस. दिल्लीत आयएनएजवळचं उपभोक्ता न्याय भवन, आमचं प्रकरण बोर्डावर अकरावं. बिल्डरचे वकील उभे राहिले ते ब्रिगेड एंटरप्रायझेसचा निकाल हातात घेऊन. सर्वोच्च न्यायालयाचा, डिसेंबर 2021 चा. 1134 फ्लॅटच्या प्रकल्पात 51 फ्लॅटचे 91 खरेदीदार सगळ्यांच्या वतीने बोलायला उभे राहिले, पण सगळ्यांचं हित समान कसं हे तक्रारीत नीट मांडलंच नव्हतं, म्हणून न्यायालयाने ती सामूहिक तक्रार मानली नाही, त्या लोकांपुरती संयुक्त तक्रार म्हणून चालवायला दिली. यांचंही तसंच आहे, असं म्हणून ते बसले. माझ्या पोटात गोळा आला. पाच वर्षं पाण्यात जाणार असं वाटलं.

तुम्ही निकालावर वाद घातलाच नाहीत. "हा निकाल माझ्या बाजूचा आहे," म्हणालात आणि पीठाला जोडपत्र उघडायला सांगितलंत. माझं एक्सेल! 131 ओळी. कोण वर्गात, कोण बाहेर आणि का बाहेर. कराराची तारीख, कबूल ताबा, भरलेली रक्कम, मागणी. सदस्यांनी पान उलटलं, परत मागे गेले, एकाने बोट ठेवून काहीतरी मोजलं. समोरच्या वकिलांना विचारलं, यातली कोणती नोंद तुम्हाला अमान्य आहे? ते मागे वळून बिल्डरच्या माणसाशी कुजबुजले. नोंद काही सांगता आली नाही.

चार मिनिटं लागली असतील. जिना उतरताना तुम्ही मला झापलंत, कारण ओळ 77 वर "विंग"चा "विग" झाला होता. सहा वर्षं तो तसाच होता आणि तुम्हाला सहा वर्षं माहीत होता.

निकाल त्याच वर्षाअखेर लागला. भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा, आणि कबूल तारखेपासून भरलेल्या रकमेवर सहा टक्के. बिल्डर अपिलात गेला नाही. 2024 च्या पावसाळ्याआधी किल्ल्या मिळाल्या. मंडणगडच्या आजोबांनी सातव्या मजल्यावर जाऊन आधी खिडक्या उघडल्या नाहीत, नळ उघडून पाहिला. पाणी आलं. मग खाली येऊन माझ्याकडे तुमचा पत्ता मागितला. काजूची पिशवी मिळाली असेलच. त्यात बक्षिसी, जाहिरात काही नाही, बागेतलेच आहेत.

एक काम उरलंय. जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही, बिल्डर कन्व्हेयन्सला टाळाटाळ करतोय. मागच्या महिन्यात फोन केला तर तुम्ही म्हणालात, "मी निवृत्त आहे. डीम्ड कन्व्हेयन्सला, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन नावावर करून घ्यायला, वकील लागत नाही. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा, तुम्हीच करा." अर्ज भरायला घेतलाय. सोबत काय काय लागतं ते कालच बघून आलो. सभासदांची यादी आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू. दोन्ही कपाटात आहेत. फक्त ओळ 77 दुरुस्त करून घेतो.

तुमचा,
सेक्रेटरी, आणि एकशे आठ घरांतली माणसं