चार क्रेडिटं कमी पडली : परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात अमेरिकेहून माझ्या अर्जाला उत्तर आलं. मी आता बासष्ट वर्षांची आहे. 1999 ते 2007 अशी सलग नऊ वर्षं मी तिथे प्रोग्रॅमर म्हणून नोकरी केली. तिथलं पेन्शन मिळायला 40 क्रेडिटं लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. माझी झाली 36. म्हणजे पेन्शन नाही, आणि भरलेले पैसेही परत नाहीत.

सोबत एक तक्ता आहे. डावीकडे वर्षं, उजवीकडे त्या वर्षीची कमाई. नऊ ओळी आकड्यांनी भरलेल्या आणि 2007 च्या खाली नुसती शून्यं. त्या नऊ ओळींतल्या प्रत्येक पगारातून 6.2 टक्के कापले गेले आणि तेवढेच मालकाने भरले. मेडिकेअर म्हणजे तिथल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचे 1.45 टक्के वेगळे, आणि ते तर त्या देशाबाहेर कामालाच येत नाही. दहावं वर्ष मी पुरं करू शकले नाही, कारण आई अंथरुणाला खिळली होती आणि तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. परत आले याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्याची शिक्षा म्हातारपणी का भोगायची?

इथे येऊन आठ वर्षं नोकरी केली. आपल्या ईपीएस-95 मध्ये, म्हणजे नोकरदारांच्या पेन्शन योजनेत, पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते. तिथेही दोन वर्षं कमी पडली, थोडी रक्कम हातात पडली आणि खातं संपलं. सतरा वर्षं दोन देशांत कापून घेतलेली माणसं दोन्हीकडे अपात्र ठरतात, साहेब. यात आमची चूक काय, ते कोणीतरी सांगा.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याला चांगला ठाऊक आहे. दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार असला की दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजतात आणि ज्याने त्याने आपल्या हिश्शापुरतं पेन्शन द्यायचं. अमेरिकेचे असे करार आहेत, त्यांत तिकडची किमान सहा क्रेडिटं पुरतात. माझी छत्तीस आहेत! इटलीशी त्यांचा करार 1978 मध्येच लागू झाला, पुढे दक्षिण कोरिया, जपान, ब्राझील सगळे झाले. आपणही 2006 मध्ये बेल्जियमपासून सुरुवात करून जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया अशा कितीतरी देशांशी करार केले. फक्त जिथे आपली सर्वांत जास्त शिकलेली मुलं राबतात, त्याच देशाशी नाही.

जानेवारी 2015 मध्ये ओबामा प्रजासत्ताक दिनाला आले, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात या कराराची बोलणी करण्याचा शब्द होता. मी तो पेपर जपून ठेवला होता. त्यानंतर निवेदनं बदलत गेली, शब्द तेच राहिले. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, तेव्हा तिकडे तात्पुरत्या पाठवलेल्या लोकांची सामाजिक सुरक्षेची तीन वर्षांची दुहेरी कपात टाळण्याचंही ठरलं. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

कराचं तर वेगळंच. माझं तिथलं 401-के, म्हणजे निवृत्तीसाठी पगारातून बचत करायचं खातं होतं. त्यातली वाढ इथे कुठल्या वर्षाचं उत्पन्न धरायची, आणि तिकडे पैसे काढताना कापलेला कर इथे कसा वळता करून घ्यायचा, हा घोळ वर्षानुवर्षं चालला. दर जुलैला मी फॉर्म घेऊन सीएसमोर बसायची आणि दर वर्षी तो डोक्याला हात लावायचा. 2021 च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकर कायद्यात अशा परदेशी खात्यांसाठी कलम 89 ए आलं तेव्हा कुठे वाट सापडली. एवढं साधं कळायला इतकी वर्षं का लागावीत?

दर दोन वर्षांनी 9 जानेवारीच्या सुमाराला प्रवासी भारतीय दिवसात आमचं कौतुक होतं. 2022 मध्ये परदेशातल्या भारतीयांनी 111 अब्ज डॉलर घरी पाठवले, तो आकडा व्यासपीठावरून सांगायला सगळे पुढे असतात. पैसा पाठवतो तोवर आम्ही देशाची शान. परत आलो की आमची फाईल कोणत्या खात्याची तेच ठरत नाही. व्यापारवाले परराष्ट्र म्हणतात, परराष्ट्रवाले कामगार खातं म्हणतात. माणूस म्हातारा होतो तो असाच, या टेबलावरून त्या टेबलावर.

मागणं दोनच आहेत. अमेरिकेशी बोलणी नेमकी कशावर अडली आहेत, ते जनतेसमोर लेखी ठेवा. आणि करार होईल तेव्हा आमची जुनी वर्षं त्यात धरली जातील, हे आत्ताच मांडून ठेवा.

माझी भाची गेली सात वर्षं तिथे आहे. तिला परत यायचंय. परवा फोनवर विचारत होती, "मावशी, दहा वर्षं भरूनच येऊ का?" तिला काय सांगू, तेवढं कळवावं.

आपली,
एक परतलेली प्रोग्रॅमर