पाटी, बाक आणि प्रलोभन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या घरात प्रार्थना चालू असताना दहा-बारा जण आत घुसले, की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: ‘प्रलोभन दाखवून धर्मांतराचा डाव उधळला’. मी ख्रिस्ती आहे आणि तीस वर्षं मराठी शिकवलंय, त्यामुळे शब्द चटकन टोचतात.

आमच्या शिक्षकखोलीत एकदा एका सहकाऱ्याने हसत विचारलं होतं, “तुमच्या आजोबांना मिशनने काय दिलं हो?” मी सांगितलं, पाटी दिली आणि बसायला बाक दिला. नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी आमच्या जातीची पोरं शाळेच्या दाराबाहेर बसत. बाक हे प्रलोभन असेल तर आजोबा त्याला बळी पडले, हे मी कबूल करतो. बिचाऱ्या सहकाऱ्याने चहा मागवला.

१९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रचाराचा हक्क देतं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही. माझ्या काही धर्मबंधूंना हा निकाल खुपतो, मला नाही. मन पालटणं हे पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, काम नव्हेच. आमच्या श्रद्धेप्रमाणे ते पवित्र आत्म्याचं. पण उत्तर प्रदेशच्या कायद्यात आपखुशीने धर्म बदलणाऱ्यालाही ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पवित्र आत्म्याने आता कलेक्टर कचेरीच्या वेळा पाळायच्या की काय?

आमच्यातही दोष आहेत. गेल्या वर्षी आमचा एक तरुण सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, खंडोबाच्या यात्रेत पत्रकं वाटून आला. पत्रकात देवाची टवाळी होती. चर्चच्या मंडळीत काहींनी त्याच्या धैर्याचं कौतुक केलं. मी उठून म्हणालो, हा उद्धटपणा आहे. विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने, असं बायबलात पेत्राने लिहून ठेवलंय. इथे तर कोणी विचारलंही नव्हतं. त्यानंतर दोन रविवार काही जण माझ्याशी बोलले नाहीत.

ज्यांची भजनं आम्ही पेटी-तबल्यावर गातो, त्या कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. डोकी मोजणाऱ्या आमच्या मंडळींना आणि आमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना, दोघांनाही तो दरबार अडचणीचा वाटेल.

माझ्या वडिलांच्या भजनाला शेजारचे माळकरी अण्णा तबल्यावर बसत. चाळीस वर्षं बसले. ते माळेसह गेले आणि त्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो.

तेव्हा संपादक महाशय, पुढच्या वेळी ‘डाव’ छापण्याआधी बातमीदाराने त्या घरात कोण होतं, काय गायलं जात होतं, एवढं तरी विचारावं. आणि दार कोणी तोडलं, तेही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सावेडी, अहिल्यानगर